सतरा वर्षांचा मंगळवार

गुरुवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी विणाईच्या खोलीतला फोन वाजला. सात वर्षांच्या एका मुलीचा डावा हात घट्ट हातमोज्यात अडकला होता आणि मोजा निघत नव्हता.

बोलत होते ते मुलीचे वडील. मोजा काल संध्याकाळी पार्सलने आला, साबणाचं पाणी लावून कसाबसा चढवला, आज सकाळी बोटांची टोकं जांभळी दिसली, आणि आता हात लावला तरी पोर किंचाळते, असं त्यांनी एका दमात सांगितलं.

"घरात कात्री आहे?" मशीनवरच्या वहिनीने विचारलं.

"कात्री? अहो, पाच आठवडे वाट बघितली आम्ही या मोज्याची!"

"कापा. मनगटापासून सुरू करा, तळव्याच्या बाजूने. कात्रीचं बोथट टोक आत ठेवा. मी फोन धरून आहे."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला, मग कुणीतरी मुलीला गाणं म्हणायला सांगत होतं, मग बराच वेळ काहीच नाही. वहिनीची नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर होती. दहा त्रेचाळीसला वडील म्हणाले, "निघाला."

"बोटं हलवतेय?"

"हलवतेय."

"नखावर दाबून सोडा. पांढरं होऊन परत लाल होतंय?"

"होतंय."

"तरी डॉक्टरांना दाखवाच. आत्ता. आणि मोजा फेकू नका."

"फेकतोय कशाला! तुमच्या तोंडावर आणून टाकणारे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. वहिनीला राग आला नाही. माणूस बरोबर बोलला होता.

कार्यशाळा भाजलेल्या आणि अंगाला सूज असलेल्या रुग्णांसाठी घट्ट कपडे विणून देते. हातमोजे, बाह्या, पायमोजे, कधी अख्खा अंगरखा. भाजलेली कातडी भरून येताना वर उचलली जाते, तिला दाबून धरायला हे कपडे दिवसाचे तेवीस तास घालावे लागतात. प्रत्येक कपडा एकाच माणसाच्या मापाचा असतो. सैल झाला तर उपयोग नाही, आणि घट्ट झाला तर काय होतं ते आत्ताच फोनवर ऐकू आलं होतं. असे चारशे बारा रुग्ण या कार्यशाळेवर अवलंबून होते.

वहिनी तेवीस वर्षं इथल्या विणाईच्या मशीनवर होती. तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली ती पॅकिंगला असलेल्या तिच्या नणंदेने. मग सगळेच म्हणू लागले, अगदी संगणक दुरुस्त करणारे वैद्यसुद्धा, जे तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे होते. खोली तळमजल्यावर, पूर्वी इथे कपडे धुवायचे. खिडकी नाही, एक दार आणि छताला एक पंखा. मशीन भिंतीइतकं लांब. त्याच्या कडेला, लोखंडी टेबलावर, त्याला माप सांगणारा संगणक. तोही तेवीस वर्षांचा. काळा पडदा, हिरवी अक्षरं, पिवळा पडलेला कळफलक. मशीन चालू असताना खोली सोडायची नाही असा नियम होता, कारण सूत तुटलं आणि सुया रिकाम्या चालल्या तर वाकतात, आणि त्या सुया आता कुठे मिळत नाहीत. आत्ता मशीनवर एक बाही विणली जात होती. संपायला चाळीस मिनिटं होती.

वहिनीने मुलीचा क्रमांक टाकला. तीनशे एकसष्ट.

पडद्यावर दोन ओळी आल्या. दोन मापं. एकात तळव्याचा घेर साडेचौदा सेंटिमीटर, दुसऱ्यात तेरा. सात वर्षांच्या मुलीचा हात एका वर्षात लहान होत नाही, म्हणजे साडेचौदा नवं. मशीनने विणला होता तेरा.

तिने दोन्ही ओळींच्या शेवटी बघितलं. तारीख दोन्हींची एकच, अकरा मार्च. वेळ वेगळी. साडेचौदाची सकाळी दहा पाच, तेराची दुपारी चार चाळीस.

वहिनी स्टुलावर बसली. मशीन खटखट चालू होतं.

या संगणकावर रोज अकरा मार्च असते. वार मंगळवार. गेली सतरा वर्षं.

मापांचा प्रोग्रॅम ज्या कंपनीने दिला होता, तिने त्याला मुदतीचं कुलूप घातलं होतं, दर काही वर्षांनी परवाना नवा करून घ्यायचा. मुदत संपायच्या आधी कंपनीच गुंडाळली गेली. बारा मार्चला प्रोग्रॅम उघडला नाही. तारीख मागे नेऊन पाहिली, तरी उघडला नाही, कारण मुदत टळल्याचं त्याने एकदा बघितलं होतं. तेव्हा वैद्यांना बोलावलं. वैद्य हे त्यांचं आडनाव नव्हे, जुन्या संगणकांवर उपचार करतात म्हणून पडलेलं नाव. त्यांच्याकडे प्रोग्रॅमची एक जुनी प्रत फ्लॉपीवर होती. ती चढवली आणि बजावलं, "रोज सकाळी चालू केल्यावर हा तारीख विचारेल. अकरा मार्च सांगा. संध्याकाळी न चुकता बंद करा. एकदा का याला खरी तारीख कळली की खेळ खलास. आता दुसरी प्रत नाही."

फ्लॉपीला नंतर बुरशी लागली.

तेव्हापासून वहिनी रोज सकाळी नऊ वाजता अकरा मार्च टाकायची आणि वेळ मात्र भिंतीवरच्या घड्याळाची. हे तिला, वैद्यांना आणि तेव्हाच्या साहेबांना माहीत होतं. ते साहेब निवृत्त झाले. मागे उरले दोघं.

वैद्यांनी त्या दिवशी आणखी एक केलं होतं. पडद्याच्या वरच्या कडेला एक कागद चिकटवला होता: "आधी पुसा. मग भरा." म्हणजे जुना रुग्ण नवं माप द्यायला आला की आधी त्याचं जुनं माप पुसून टाकायचं, मगच नवं भरायचं. का, ते त्यांनी तेव्हा सांगितलं असेल. वहिनीच्या लक्षात राहिला तो कागद, कारण नाही. सतरा वर्षं तिने पुसलं आणि भरलं.

पाच आठवड्यांपूर्वी नव्या साहेबांचा आदेश आला. साहेबांना इथे येऊन आठ महिने झाले होते, वयाने वहिनीपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि चांगल्या अर्थाने नीटनेटके. रुग्णाचं जुनं माप पुसून टाकणं म्हणजे पुरावा पुसणं, असं त्यांचं म्हणणं. आजपासून कोणतंही माप पुसू नये. मापाच्या कागदी चिठ्ठ्या संगणकात भरून झाल्या की लगेच खोक्यात टाकाव्यात, खोकी स्कॅनिंगला जातील. पूर्वी चिठ्ठी मशीनला टाचून ठेवायची आणि विणायच्या आधी पडद्याशी ताडून बघायची, ते बंद झालं. वहिनीने कुरकुर केली नाही. कागद काढला, त्याच्या गोंदाचा चौकोन अजून तिथे होता. क्रमांक टाकला की मशीन शेवटचं माप उचलणार, हे तिला माहीत होतं.

शेवटचं म्हणजे कुठलं, हा प्रश्न तिला पडला नव्हता. मशीनला तो पडायचं कारणच नव्हतं. त्याच्या लेखी सगळी मापं एकाच मंगळवारी घेतलेली. दहा वाजताचं आधीचं, चार वाजताचं नंतरचं. गेल्या वर्षी दुपारी माप दिलेला रुग्ण या वर्षी सकाळी आला, की त्याच्या अंगाला गेल्या वर्षीचा कपडा.

वहिनीने वैद्यांना फोन लावला. "येताय का? आत्ता. नाही, बंद पडलेला नाही. चालू आहे, तेच तर."

अकरा वीसला मशीनवरची बाही संपली. वहिनीने ती सुयांवरून उतरवली, मोजली, आणि पुढचा क्रमांक टाकला नाही. गेल्या सतरा वर्षांत दिवसाउजेडी हे मशीन रिकामं उभं राहिल्याचं तिला आठवत नव्हतं. तो आवाज थांबला तशी दारात नणंद आली.

"काय हो वहिनी, मशीन का गप्प?"

"वन्सं, पाच आठवड्यांतल्या जुन्या रुग्णांची पार्सलं किती गेली? नव्यांची सोडून द्या."

"वहीत बघावं लागेल."

"बघा. आणि फळीवर काय उरलंय ते जाऊ देऊ नका. व्हॅनवाला आला तर सांगा, मी अडवलंय."

नणंदेने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि चेष्टा करायची सोडून वही आणली. सदतीस कपडे. पाच अजून फळीवर. बत्तीस बाहेर गेले होते, त्यातला एक आज सकाळी कात्रीने कापला होता.

वैद्य साडेअकराला आले. पाठीला बॅग, कपाळावर चष्मा. त्यांनी काही न विचारता पडद्यासमोर बसून दोन ओळी वाचल्या, मग गोंदाच्या चौकोनावरून बोट फिरवलं.

"कागद कुठे गेला?"

"साहेबांचा आदेश होता."

"आणि तुम्ही काढलात."

"कशासाठी आहे ते तुम्ही त्यावर लिहायचं होतंत, वैद्यबुवा. चार शब्दांत शहाणपण आटोपलंत."

"सांगितलं होतं तुम्हाला."

"सतरा वर्षांपूर्वी! मला काल भाजी कुठली केली ते आठवत नाही."

"वांगी," नणंद दारातून म्हणाली. "पण मला एक सांगा. सतरा वर्षं आपण एका ताटाला ताट लावून जेवतोय. रोज सकाळी तुम्ही इथे येऊन मंगळवार करता, हे मला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

वहिनी पडद्याकडे वळली. खरं उत्तर असं होतं की पहिल्या वर्षी भीती वाटली, मग सवय झाली, आणि मग सांगण्यासारखं त्यात काही आहे हेच ती विसरली.

"कुठलं माप आधी भरलं, ते आतून कळतं का?" तिने वैद्यांना विचारलं.

"एरवी कळलं असतं. पण इतकी वर्षं पुसून पुसून आतल्या जागा मागेपुढे झाल्यात. रिकामी सापडेल तिथे हा लिहितो. मी बघेन, पण छातीठोक सांगू शकणार नाही."

"चिठ्ठ्या बघायच्या तर स्कॅनिंगला गेल्यात. सोमवारी येणार."

"लहान मुलांचं तरी कळेल. मोठं ते नवं."

"चौदा मुलं आहेत. उरलेल्या तेवीस मोठ्यांचं काय? सूज वाढतेही, उतरतेही."

 वैद्यांनी बॅग उघडली, काही काढलं नाही, परत बंद केली.

वहिनीने साहेबांना वरून बोलावून घेतलं. ते आले तेव्हा बारा वाजले होते आणि त्यांच्या हातात तीन वाजताच्या बैठकीची फाईल होती. विश्वस्त येणार होते. विषय एकच: विणाईच्या खोलीतला जुना संगणक ठेवायचा की काढायचा. साहेबांचं मत काढायचा. वहिनीला ठेवायच्या बाजूने बोलायला सांगितलं होतं. तिने अर्धं पान लिहूनही ठेवलं होतं, ते टेबलाच्या खणात होतं. हा चाळीस सेकंदांत सुरू होतो. अडकत नाही. मशीनची जाड केबल घालायला नव्या संगणकाला जागाच नसते, त्यामुळे संगणक बदलायचा तर मशीनही बदलावं लागेल, आणि ते यायला वर्ष लागेल. शेवटचं वाक्य तिला विशेष आवडलं होतं: तेवीस वर्षांत एकही मोजा चुकलेला नाही.

तिने साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. ऐकता ऐकता त्यांनी हात मागे नेऊन दार लोटून घेतलं.

"किती चुकले असतील?"

"नक्की सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"निम्मे तरी. माणूस सकाळी आला की दुपारी, यावर आहे सगळं."

"रोज एक दिवस पुढे का नाही सरकवला? एकच तारीख कशाला?"

"प्रोग्रॅमला पहिल्या दिवसाच्या मागे जाता येत नाही, आणि शेवटच्याच्या पुढे," वैद्य म्हणाले. "मध्ये होती सहा वर्षं. ती संपली की परत मागेच यायचं होतं. म्हटलं, एकच दिवस धरा. चूक व्हायला नको."

साहेब हसले नाहीत. ते वहिनीच्या स्टुलावर बसले.

"पुसू नका, असं मी लिहिलं," ते म्हणाले. "का पुसता, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

दोघांचंही खरं होतं आणि त्याचा आता काही उपयोग नव्हता.

"हे बघा वहिनी. परवाना संपलेल्या प्रोग्रॅमवर आपण सतरा वर्षं रुग्णांचे कपडे विणतोय, हे आज तीन वाजता वर सांगितलं, तर पाच वाजता या खोलीला कुलूप लागेल. लागायलाच हवं. मग नवं मशीन येईपर्यंत चारशे बारा जणांना मी काय देऊ? सोमवारी चिठ्ठ्या येतील. कुणाचं चुकलं ते नेमकं कळेल. तोपर्यंत—"

"तोपर्यंत एकतीस कपडे अंगावर आहेत, साहेब."

"एकतीस जणांना फोन करून काढा म्हणालात, तर संध्याकाळपर्यंत गाव जमा होईल. शिवाय ज्यांचे बरोबर आहेत त्यांनीही काढले तर? सूज चार दिवसांत परत चढते, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"काढा म्हणणार नाही. फीत घेऊन घेर मोजा म्हणेन. मोजलेला आकडा आणि मशीनने विणलेला आकडा मी इथे ताडून बघते."

साहेबांनी वैद्यांकडे बघितलं. वैद्य पंख्याकडे बघत होते.

"म्हणजे संगणक चालू ठेवावा लागेल," साहेब म्हणाले.

"बंद केला तर कुठलं माप विणलं, तेही दिसणार नाही. आणि बंद केल्यावर रोजच्यासारखा परत उठेल याची खात्री वैद्यबुवासुद्धा देत नाहीत."

"म्हातारा आहे, पण डोकं ठिकाणावर आहे त्याचं," वैद्य म्हणाले. "आपण जे सांगितलं तेच त्याने धरलं."

"वैद्य, कृपा करून त्याची बाजू आज मांडू नका," साहेब म्हणाले आणि वर गेले. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी वहिनीने पहिला नंबर फिरवला.

ती वाक्यं तिने मनात जुळवून ठेवली होती. कार्यशाळेतून बोलतेय, तुमचा मोजा तपासायचाय, घरात मोजायची फीत आहे का. पहिल्या बाईकडे फीत होती. दुसऱ्याकडे नव्हती, त्याला दोऱ्याने मोजून दोरा पट्टीवर धरायला सांगितलं. तिसरीने विचारलं, "का हो, बिघडलंय का काही?" आणि वहिनी म्हणाली, "हो. आमच्याकडून." हे वाक्य तिने जुळवलेलं नव्हतं. त्यानंतर ते प्रत्येक फोनवर येत गेलं.

नणंद शेजारी बसून वहीतले नंबर वाचत होती आणि झालेल्यांवर खूण करत होती. "हा बरोबर. ही बरोबर. याचं चुकलं, उद्या या म्हणा." मग मध्येच, "वहिनी, पाणी प्या. घसा बसला तर तुमच्या आवाजात मी बोलू काय?"

"वन्सं, तुमच्या आवाजाला घाबरून लोक मोजेच काढतील."

दोघी हसल्या, आणि लगेच गप्प झाल्या, कारण पलीकडे कुणीतरी फोन उचलला होता.

सव्वादोनला दार उघडलं. साहेब आत आले, त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा फोन होता. ते कुणाकडे न बघता म्हणाले, "मला दहा नंबर द्या." वहीचं पान फाडायला नणंद तयार होईना, तेव्हा त्यांनी हातावर पेनने लिहून घेतले. ते दाराबाहेरच्या जिन्याच्या पायरीवर बसून बोलत होते. त्यांचा आवाज आत येत होता. "नाही, तुमचं काही चुकलेलं नाही. आमचं चुकलंय." एकदा बराच वेळ ते नुसतं ऐकतच होते, आणि मग म्हणाले, "हो. बरोबर आहे तुमचं. हो."

पावणेतीनला त्यांनी हातावरचे दहा आकडे वहिनीला सांगितले. सात बरोबर, तीन चुकीचे. मग बेसिनवर जाऊन हात धुतला, पेनची शाई पूर्ण गेली नाही, बाही खाली ओढली, फाईल घेतली.

"वर काय सांगणार आहात?" वहिनीने विचारलं.

"तुम्ही येणार होता बोलायला."

"मी ही खोली सोडू शकत नाही. लोकांचे उलट फोन येतायत."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "काही लिहून ठेवलं होतंत म्हणे?"

वहिनीने खणातलं अर्धं पान काढलं. शेवटच्या ओळीवर काट मारावी असं तिच्या मनात आलं, पेन हातात होतं. तिने ते तसंच दिलं. साहेबांनी उभ्यानेच वाचलं, शेवटच्या ओळीवर थोडे थांबले, घडी करून फाईलमध्ये ठेवलं आणि जिना चढून गेले.

तीन वाजता वर दार लागल्याचा आवाज आला.

साडेतीनपर्यंत एकतीसपैकी तीस फोन लागले. अकरा कपडे चुकलेले निघाले. सहा सैल, त्यांचं नुकसान फक्त वेळेचं. पाच घट्ट. पाचपैकी तिघांनी घालून बघून केव्हाच काढून ठेवले होते. एका मुलाच्या आईने फोन चालू असतानाच काढला आणि सांगितलं की दंडावर वळ आहे, पण रंग ठीक आहे. एका बाईंची बोटं बधिर झाली होती, त्यांना त्यांचा मुलगा हॉस्पिटलमध्ये घेऊन निघाला होता.

राहिला एक. क्रमांक दोनशे आठ. उजव्या पायाचा गुडघ्यापर्यंतचा मोजा.

वहिनीला तो माणूस आठवत होता. सुतार, आता काम सोडलेला, एकटा राहतो. माप घ्यायला आला की पाय स्टुलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या. पाय माझाच आहे, पण आमचं बोलणं बंद आहे." साखरेच्या आजाराने त्याच्या पायाला काही कळत नव्हतं. फितीच्या टोकाचा पत्रा एकदा त्याच्या घोट्याला लागला होता, रक्त आलं, आणि त्याला ते वहिनीच्या तोंडावरून कळलं.

पडद्यावर त्याची दोन मापं होती. पोटरीचा घेर एकात एकेचाळीस, वेळ अकरा बावन्न. दुसऱ्यात छत्तीस, वेळ तीन वीस. मशीनने छत्तीस विणलं होतं.

"सूज उतरली असेल," नणंद म्हणाली. "छत्तीस नवं असेल. कशाला वाईट धरता?"

वहिनी आठवत होती. एकदा तो आला होता तेव्हा त्याच्या उजव्या बुटाची नाडी सोडलेली होती, बूट पायात मावत नव्हता. "हा पाय आता वेगळं घर मागतोय," असं म्हणाला होता. ते या वेळी की मागच्या वेळी? पाच आठवड्यांत तिने किती पाय मोजले होते. नाडी तिला स्पष्ट दिसत होती, तपकिरी, टोकाला गाठ मारलेली. दिवस दिसत नव्हता.

"वैद्यबुवा?"

वैद्य दुपारपासून दुसऱ्या स्टुलावर बसून वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडत होते. "एकेचाळीस नंतर लिहिलंय असं वाटतं," ते म्हणाले. "वाटतं."

सुताराचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. वहिनीने सात वेळा लावला. मग नणंदेने पार्सल पोचवणाऱ्याकडून पावती मागवली. पार्सल काल दुपारी पोचलं होतं. सही सुताराची नव्हती, शेजारणीची होती, आणि सहीखाली तिचा नंबर होता.

शेजारीण कामावर होती. "हो, मीच घेतलं. संध्याकाळी त्यांना दिलं. अहो, काय खूष! माझ्यासमोरच चढवायला बसले. जाईना, तर मला म्हणाले जरा ओढ गं. आम्ही दोघांनी ओढून चढवला."

"आज सकाळी दिसले?"

"नाही हो. पण ते उशिरा उठतात. का?"

"तुम्ही घरी कधी पोचाल?"

"सुटते साडेचारला. पंधरा-वीस मिनिटं चालत."

"आज जरा लवकर निघता येईल?"

 "बघते," ती म्हणाली.

वहिनीने सुताराच्या घरचा पत्ता देऊन हॉस्पिटलला कळवलं. गाडी मोकळी झाली की पाठवतो, असं उत्तर मिळालं. नणंद म्हणाली, मी जाते रिक्षाने. पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, तरी ती निघाली, चप्पल घालता घालता दारातून म्हणाली, "मी येईपर्यंत संगणक बंद नका करू."

"बंद करायला माझा हात तरी धजेल का, वन्सं?"

चार वाजता वैद्यांनी विचारलं, फळीवरच्या पाच कपड्यांचं काय करायचं. वहिनीने ते टेबलावर ओळीने मांडले आणि फितीने एकेक मोजून पडद्यावर बघितलं. बाहेरून उजेड येत नसल्यामुळे खोलीत दिवस कुठवर आला ते कळत नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात मंगळवार होता, चार वाजून बारा मिनिटं.

वरची बैठक संपली नव्हती. एकदा खुर्ची ओढल्याचा आवाज आला, एकदा कुणाचा तरी चढलेला आवाज, तो साहेबांचा होता की नव्हता हे दोघांनाही ओळखता आलं नाही.

"कुलूप लागलं, तर मला या खोलीत यायला देतील?" वहिनीने विचारलं.

"तुम्हाला कशाला यायचंय?"

"मापं उतरवून घ्यायला. चारशे बारा आहेत. हाताने लिहायची म्हटली तरी महिना लागेल. बाहेर काढायचा दुसरा रस्ता नाही ना?"

"नाही," वैद्य म्हणाले. "जे आहे ते याच्या पोटात. आणि हा सहाला बंद केला नाही आणि रात्री बारापर्यंत चालला, तर बुधवार उजाडेल."

"आणि सहाला बंद केला, तर उद्या उठेल?"

वैद्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "काल उठला होता."

चार एकावन्नला फोन वाजला. शेजारीण होती, जिना चढून धाप लागलेली. ती सुताराच्या दाराशी उभी होती. दार आतून बंद होतं. तिने हाका मारल्या होत्या, कडी वाजवली होती. आत रेडिओ चालू होता, बातम्या लागल्या होत्या. वहिनीने तिला परत वाजवायला सांगितलं, आणि फोन कानाशी धरून ती ऐकत राहिली.